टोकियो डिस्नीसीला जाणार असाल तर सिंदबादची बोट चुकवू नका

भारतातून येणारी पाहुणे मंडळी टोकियोत निशी-कासाईला आमच्या घरी उतरली की डिस्नीसी या थीम पार्कला जायच्या आदल्या रात्री मोबाइलमध्ये यादी तयार असते. सोअरिंग, टॉय स्टोरी मेनिया आणि २०२४ च्या जूनमध्ये उघडलेला फँटसी स्प्रिंग्जचा नवा भाग. म्हणजे जिथे जिथे तासतासभर उभं राहावं लागतं ते सगळं. सिंदबादच्या राइडचं नाव त्या यादीत क्वचितच दिसतं. मी ते लिहायला लावतो. परत आल्यावर बहुतेक जण दिवसभरातल्या दुसऱ्या कशाहीपेक्षा त्याच्याबद्दलच जास्त बोलतात, म्हणून एकदा नीट, सविस्तर लिहून ठेवतोय.

राइडचं पूर्ण नाव ‘सिंदबाद्स स्टोरीबुक व्हॉयेज’. डिस्नीसीच्या आतल्या बाजूला अरेबियन कोस्ट म्हणून भाग आहे, घुमट, निळ्या फरशा, दुमजली मेरी-गो-राउंड, जिनीचं जादूचं थिएटर. तिथेच ही आहे. बोटीत बसायचं आणि अंधारातून, पाण्यावरून, साधारण दहा मिनिटं हळूहळू पुढे जायचं. दोन्ही बाजूंना सिंदबादच्या सफरींचे प्रसंग उभे केलेत आणि त्यांत दीडशेहून जास्त हलती, गाणारी पात्रं आहेत. बोट कुठेही कोसळत नाही, धक्के नाहीत, उंचीची अट नाही. ‘म्हणजे लहान मुलांची राइड’ असं ऐकून लोक पुढे निघून जातात, त्यामुळे रांग बहुधा पाच-दहा मिनिटांची असते. या पार्कात एवढ्या कमी वेळात एवढं बारीक काम बघायला मिळण्याची दुसरी जागा मला माहीत नाही.

मी हे का सांगतोय तेही सांगतो. पुण्यात आमच्या घरी हलत्या देखाव्यांचं काम होतं. गणपतीच्या आधीचे तीन-चार महिने बाबा आणि काका मंडळांसाठी देखावे उभे करायचे: कालियामर्दन, गजेंद्रमोक्ष, अफझलखानाचा वध. मूर्तीच्या पोटात वायपरची मोटर, मोटरला क्रँक, क्रँकला सळई आणि सळईला कोपरापासूनचा हात. एका मोटरवर एकच हालचाल. ज्या वेगाने हात वर गेला त्याच वेगाने खाली आला, की लांबूनही ते यंत्र आहे हे कळतं. बाबांना ते आवडायचं नाही. ते प्लायवूडचा कॅम, म्हणजे फिरता फिरता सळईला वर-खाली करणारी चकती, हाताने कापायचे, एका बाजूला लांब चढ आणि दुसऱ्या बाजूला एकदम उतार, म्हणजे गदा सावकाश उचलली जायची आणि दाणकन खाली यायची. त्या एका उतारासाठी ते रात्रभर कानस मारत बसलेले मी पाहिलेत. त्यांचं दुसरं म्हणणं असायचं, हात हलायच्या आधी मान हलली पाहिजे. माणूस आधी बघतो, मग हात घालतो. पण मानेसाठी वेगळी मोटर लागायची आणि मंडळाच्या बजेटमध्ये ती क्वचितच बसायची.

सिंदबादच्या बोटीत बसलो की मी मान बघतो. इथे प्रत्येक मोठं पात्र आधी बघतं आणि मग हात घालतं.

आणि ती कुठे बघतात, हे त्याहून महत्त्वाचं. सिंदबाद गाता गाता मध्येच आपल्याकडे वळतो तेवढं सोडलं, तर ही पात्रं जास्त करून एकमेकांकडे बघतात. एका प्रसंगात चोर रुख नावाच्या प्रचंड पक्ष्याच्या अंड्याकडे बघतो, सिंदबाद चोराकडे बघतो. देखाव्यात हे करणं फार अवघड असतं. रस्त्यावर दोरीमागे उभ्या असलेल्या माणसाला चेहरा दिसलाच पाहिजे, म्हणून वध करणारा आणि वध होणारा, दोघांनाही लोकांकडे तोंड करून उभं करावं लागतं. इथे मात्र बघणारा माणूस बोटीत आहे आणि बोट सरकते आहे. बनवणाऱ्यांना माहीत आहे की कोणत्या क्षणी आपण कोणत्या कोनात असणार. म्हणून पात्राने दुसरीकडे बघितलं तरी चालतं, चेहरा आपल्याला दिसतोच. त्यामुळे आपल्यासाठी कोणी काही करून दाखवतंय असं वाटत नाही. त्यांचं त्यांचं काहीतरी चाललंय आणि आपण बाजूने जातोय, एवढंच.

आता गोष्ट. सुरुवात बसरा बंदरात. सिंदबाद निघालाय, गावकरी निरोप देतायत आणि त्याच्यासोबत वाघाचं एक पिल्लू आहे, चंदू. होय, नाव खरंच हेच. माझी आई इथे आली होती तेव्हा ‘वाघाचं नाव चंदू?’ म्हणून तिने दोनदा विचारून खात्री करून घेतली, कारण तिच्या धाकट्या भावाला, आमच्या मामाला, सगळं गाव चंदूच म्हणतं. मग राइड संपेपर्यंत ती ‘आमचा चंदू कुठाय, आमचा चंदू कुठाय’ करत होती.

खरं तर ही राइड बघायची पद्धत तीच आहे. चंदू प्रत्येक प्रसंगात आहे आणि बहुतेक वेळा मुख्य घडामोडीच्या कडेला त्याचं स्वतःचं काहीतरी चाललेलं असतं. कुठे काय ते मी सांगत नाही, शोधण्यात मजा आहे. पण बोट पुढच्या दालनात शिरताना सिंदबादच्या आधी चंदूला शोधा. त्याला शोधताना नजर कोपऱ्याकोपऱ्यातून फिरते आणि एरवी सुटून गेली असती अशी दहा माणसं, दोन पक्षी आणि एखादं गलबत तेवढ्यात दिसून जातं. एका छोट्या पिल्लाकडून केवढं काम करून घेतलंय!

हे पिल्लू आधी नव्हतंच. डिस्नीसी ४ सप्टेंबर २००१ ला उघडलं, तेव्हा हीच राइड ‘सिंदबाद्स सेव्हन व्हॉयेजेस’ नावाने होती. सिंदबाद दाढीवाला आणि गंभीर होता आणि एकूण सूर जास्त भीतीचा होता. लोक फारसे वळले नाहीत. मग ती बंद ठेवून बदलली आणि २९ मार्च २००७ ला आताच्या रूपात उघडली. दाढी गेली, चंदू आला आणि संगीतकार अ‍ॅलन मेंकन यांनी या राइडसाठी ‘कंपास ऑफ युअर हार्ट’ हे गाणं केलं. बोटी, कालवा, दालनं तशीच राहिली.

लहानपणी सिंदबादच्या सात सफरी वाचलेल्या असतील तर हा बदल केवढा मोठा आहे ते इथे पावलोपावली जाणवतं. मूळ गोष्टीतला राक्षस खलाशांना निवडून निवडून भाजून खातो आणि हे लोक तापलेल्या सळयांनी त्याचे डोळे फोडून पळतात. इथे राक्षसच कैदेत आहे. चोरांनी त्याला पकडलंय, त्याचा खजिना लुटताहेत आणि सिंदबाद त्याला सोडवतो. मुळात रुख पक्ष्याचं अंडं फोडून खाल्लं जातं आणि चवताळलेले आईबाप आकाशातून धोंडे टाकून जहाज बुडवतात. इथे सिंदबाद अंडी आणि पिलं चोरांपासून वाचवतो. वानरं तिकडे जहाज पळवतात, इथे वाद्यं वाजवतात. पहिल्या सफरीत ज्याला बेट समजून खलाशी वर चूल पेटवतात तो प्रचंड मासा बुडी मारतो आणि माणसं मरतात; इथे देवमासा जहाज पाठीवर घेऊन निघतो.

गोष्ट सौम्य केली म्हणून नाराज होणारे लोक मला भेटलेत. मूळ कथेवर माझंही प्रेम आहे, त्यातली भीती आणि हाव खरी आहे. तरी मला हे रूपच जास्त पटतं. भीतीच्या प्रसंगात पात्राकडे करण्यासारखं एकच असतं, अंगावर येणं. डोळे वटारायचे, हात उगारायचा, की झालं. आभार मानणारा राक्षस, घाबरलेलं पिल्लू, एकमेकांशी ताल जुळवणारी वानरं यांच्यासाठी चेहऱ्यावर कितीतरी छटा लागतात, आणि ते काम करायची संधी इथल्या कारागिरांनी सोडलेली नाही.

राक्षसाचंच बघा. तोपर्यंतची बहुतेक पात्रं बाहुल्यांएवढी, लहान मुलाच्या उंचीची असतात आणि डोळ्यांना ते प्रमाण सवयीचं झालेलं असतं. मग गुहेत बोट शिरते आणि तो समोर येतो, प्रचंड, वर मान करून बघावं लागेल एवढा. इथे घाई नाही. एवढ्या मोठ्या आकाराची हालचाल लहान बाहुलीच्या वेगाने केली तर ती फसते, जड वस्तू जडपणेच हलली पाहिजे. त्याची मान सावकाश वळते, वळून थांबते, थांबल्यावर किंचित स्थिरावते. ते स्थिरावणं बघा. आमच्याकडे थांबणं म्हणजे मोटर उलटी फिरायला लागायच्या आधीचा झटका असायचा. तो झटका लपवायला काका तिथे मशीन ऑइल आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी वापरायचे, तरी थोडा राहायचाच. एवढं मोठं धड, आणि झटका नाही. त्याच्यासमोर बोट जेमतेम अर्धं मिनिट असते, तेवढ्यात मला दुसरं काही दिसत नाही.

वानरांच्या दालनात गेलं की आधी केळ्यांचा वास येतो. मग ढोल. ढोल वाजवणाऱ्या वानराचा पंजा बघा: वर जाताना वेळ घेतो, खाली झटकन येतो आणि पडतो तो नेमका ठेक्यावर. बाबांच्या कॅमचा तो लांब चढ आणि एकदम उतार, तोच हिशेब. फरक एवढाच की इथे असे कितीतरी पंजे, माना, शेपट्या एकाच वेळी चालू आहेत आणि सगळं एका गाण्याला बांधलेलं आहे. पात्राची हालचाल आणि आवाज असे एकत्र बांधण्याच्या तंत्राला डिस्नेने ऑडिओ-अ‍ॅनिमॅट्रॉनिक्स असं नाव दिलं. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधल्या टिकी रूममध्ये गाणारे पक्षी बसवले, तिथून ते लोकांपुढे आलं. आज नवीन राइडमध्ये पडदे आणि प्रोजेक्टर जास्त असतात. तेही मी आनंदाने बघतो. पण समोर, हाताच्या अंतरावर, वजन असलेली वस्तू हलते तेव्हा तिची सावली भिंतीवर हलते, तिच्या कापडाला सुरकुती पडते. पडद्यावरचं चित्र हे देऊ शकत नाही.

बाबा आले होते तेव्हा ते पूर्ण वेळ पात्रांच्या पायांकडे बघत होते. मी चेहरे दाखवत होतो, ते म्हणाले, ‘अरे, पाय बघ. पाय कसे झाकलेत बघ.’ तेव्हापासून मलाही ते दिसतं. असली पात्रं चालत नाहीत, ती जागेवर पक्की रोवलेली असतात, हालचाल कमरेपासून वर. आता पाय हलत नाहीत हे बघणाऱ्याच्या लक्षात येऊ द्यायचं नसेल तर दोन उपाय: पायापुढे काहीतरी ठेवायचं, किंवा कंबर अशी वळवायची की वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेल्यासारखं वाटावं. इथे दोन्ही आहेत. टोपल्या, हंडे, खजिन्याचे ढीग, होडीची कड, केळ्यांचे घड, प्रत्येक गोष्ट सजावट म्हणून सुंदर आहेच, पण बऱ्याच जागी ती कोणाच्या तरी पावलांपुढे नेमकी ठेवलेली आहे. बाबांनी बाहेर आल्यावर बाकावर बसून मला हे सगळं पुन्हा समजावलं, बोटाने मांडीवर चित्र काढून. एवढ्या उत्साहात त्यांना मी बऱ्याच दिवसांनी पाहिलं.

गाण्याबद्दल. सगळ्या राइडभर एकच गाणं आहे, पण दालन बदललं की वाद्यं बदलतात, कुठे ते जलपऱ्यांच्या गळ्यात असतं, कुठे ढोलावर. आपण एका दालनातून दुसऱ्यात जाताना मागचं गाणं आणि पुढचं गाणं कानात एकमेकांवर आदळत नाही, चाल एकच असल्यामुळे ते मिसळतं. शब्द जपानी आहेत, निवेदनही जपानी. आपल्याला भाषा येत नसेल तरी काही बिघडत नाही. माझ्या आईला एक शब्द कळला नाही आणि गोष्ट पूर्ण कळली. मला जपानी कळतं, तरी पहिल्यांदा जाणाऱ्याने शब्दांमागे धावू नये असंच मी सांगेन. कान चालीवर, डोळे पात्रांवर.

राजवाड्याच्या प्रसंगात माझं मन तितकं रमत नाही. दागिने, पडदे, नक्षी भरपूर आहे, पण गोष्ट तिथे जरा थांबते. माझ्या मुलीला मात्र तोच भाग सगळ्यांत आवडतो, कपड्यांसाठी. ती मान इकडे-तिकडे करून प्रत्येकीचा पोशाख बघत असते, त्यामुळे मीही आता तिच्याबरोबर कपडेच बघतो. देवमाशाचा भाग आणि शेवटचं घरी परतणं झटकन होतं. बसऱ्यात पुन्हा पोचल्यावरचा जल्लोष मोठा आहे, दोन्ही बाजूंना बघायला भरपूर असतं आणि बोट थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

जायचं कसं: माइहामा स्टेशन, केइयो लाइन. आमच्या बाजूने जाणाऱ्यांना कासाई-रिनकाई पार्कच्या पुढचंच स्टेशन पडतं. तिथून डिस्नीची मोनोरेल, तिचं तिकीट वेगळं. पार्कचं तिकीट दिवसाप्रमाणे बदलतं, गर्दीच्या दिवशी मोठ्या माणसाला दहा हजार येनांच्या वर जातं. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही. एवढे पैसे मोजल्यावर लोकांना वाटतं की मोठ्या राइडच झाल्या पाहिजेत आणि ते मला समजतं. पण सिंदबादला वेगळे पैसे नाहीत, वेळ फारसा जात नाही. सकाळी मोठ्या रांगा उरका आणि भर दुपारी, ऊन चढलं की किंवा पाऊस आला की, इथे या. आत गार असतं, बसायला मिळतं. आईवडिलांना घेऊन आलेल्यांसाठी तर हा दिवसातला सगळ्यांत आरामाचा भाग. फक्त बोटीत उतरताना खाली पाऊल टाकावं लागतं, गुडघेदुखी असेल तर हात धरा, कर्मचारी घाई करत नाहीत. फोटो काढणार असाल तर फ्लॅश बंद ठेवा. अंधारात मागच्या बोटीलाही तो दिसतो.

जवळच कसबा फूड कोर्ट आहे, तिथे करी आणि नान मिळतं. शाकाहारी असाल तर त्या दिवशी काय आहे ते विचारूनच घ्या. चंदूची बाहुली दुकानांत असली तर मुलं ती मागणारच, आमच्याकडे एक आहे आणि तिच्यावर आता आईने स्वतःच्या हाताने विणलेला लाल मफलर आहे.

बसायची जागा कर्मचारी ठरवून देतात. पहिली ओळ मिळाली तर उत्तम, कारण समोर कोणाचं डोकं येत नाही आणि दालन उघडताना पूर्ण दिसतं. मागची ओळ मिळाली तरी हरकत नाही, पुढची माणसं कुठे बोट दाखवतायत त्यावरून चंदू सापडतो. पहिल्या फेरीत डावीकडे बघा, बाहेर पडल्यावर रांग नसेल तर लगेच पुन्हा बसा आणि उजवीकडे बघा. एका फेरीत दोन्ही बाजू होत नाहीत.